गाव एक, घराणी अनेक

हौशी वंशावळ-संशोधकांनी एकमेकांना साहाय्य करावे, याबद्दल दुमत नाही. पण कोणी कोणाला गाठावे, हे मात्र बहुतेक जण फारसा विचार न करता ठरवून टाकतात. आपले आडनाव ज्याचे, तो आपला सहकारी, असा तो हिशेब असतो. त्यामुळे या छंदातला पत्रव्यवहार बहुतांशी दूरच्या भाऊबंदांमधला असतो: तुमच्या खापरपणजोबांचा भाऊ तो आमचा मूळपुरुष, तेव्हा तुमच्याकडची शाखा तुम्ही पाठवा, आमच्याकडची आम्ही पाठवतो. यात गैर काही नाही. पण या छंदात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, लांबच्या भाऊबंदापेक्षा आपल्या पूर्वजांच्याच गावावर काम करणारा, आपल्याशी रक्ताचे काडीचेही नाते नसलेला माणूस कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

याचे कारण दप्तरांच्या रचनेत आहे. जन्म, विवाह, मृत्यू, जमीन, कर, खानेसुमारी, यांपैकी कोणतीही नोंद घ्या. ती गावाच्या, परगण्याच्या किंवा चर्चच्या हद्दीप्रमाणे लावलेली असते, घराण्याप्रमाणे नाही. घराण्याचा संशोधक वहीत शिरतो तो आपले आडनाव शोधत. ते दिसले की तो तेवढी नोंद उतरवून घेतो आणि पान उलटतो. बाकीचे लोक त्याच्या लेखी नसल्यासारखेच. पण एखाद्या नोंदीचा अर्थ काय लावायचा, हे पुष्कळदा तिच्या आसपासच्या नोंदींवरूनच कळते, आणि त्या वाचण्याचे कष्ट घेतलेले असतात ते गावाच्या अभ्यासकाने.

उदाहरण इंग्लंडमधल्या चर्चच्या नोंदवह्यांचे घेतो, कारण त्यांचा साचा कधी आणि कसा बदलला हे सालवार ठाऊक आहे; मुद्दा कोणत्याही गावाच्या दप्तराला लागू पडणारा आहे. तेथे १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधू, वर, धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्या सह्या घेणे कायद्याने बंधनकारक झाले. ज्याला सही येत नसे तो फुली मारी आणि फुलीशेजारी लिहिणारा त्याचे नाव घाली. आता आपल्या पूर्वजाच्या विवाहाची अशी एक नोंद हाती आली आहे आणि खाली दोन साक्षीदारांची नावे आहेत, असे समजा. घराण्याच्या संशोधकाला ती दोन्ही नावे मौल्यवान वाटतात. साक्षीला उभा राहिला म्हणजे वधूचा भाऊ असेल, मामा असेल, असे तर्क तो बांधू लागतो. पण ज्याने ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे, त्याला यांतले पहिले नाव लगेच ओळखू येते. तीच सही, त्याच वळणाची, मागच्या पानावर आहे, पुढच्या पानावर आहे, जवळजवळ प्रत्येक विवाहाखाली आहे. तो चर्चचा कारकून. तेथे हजर असणे आणि साक्षीदार कमी पडला तर सही ठोकणे हा त्याच्या कामाचाच भाग. वधूशी त्याचे नाते शोधण्यात एखादा वर्षभर घालवील आणि हाती काही लागणार नाही. दुसरे नाव मात्र साऱ्या वहीत याच एका विवाहाखाली आले आहे. मामा असलाच तर तो हा. हा निवाडा करायला आडनाव एक असून भागत नाही, वही पूर्ण वाचलेली असावी लागते.

नामसाधर्म्याचा घोटाळाही असाच सुटतो. जुन्या गावांत नावे मोजकी असत आणि आजोबांचे नाव नातवाला, काकाचे पुतण्याला असे ती फिरत राहत. युरोपात तर मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याचीही रीत होती. मग एका पिढीत एकाच नावाचे तीन पुरुष निघतात आणि दोन निरनिराळी घराणी एकाच बाप्तिस्म्याच्या नोंदीवर आपला मूळपुरुष म्हणून हक्क सांगतात. दोघांनी एकमेकांना कितीही कागद पाठवले तरी वाद मिटत नाही, कारण दोघांकडेही कागद एकच असतो. गावाचा अभ्यासक तिन्ही जन्म समोर ठेवतो, मग दफनाच्या वहीत जातो आणि दाखवून देतो की ज्याच्यावरून भांडण आहे ते मूल दोन महिन्यांचे असतानाच गेले. वंशावळीच्या कामात माणसे जोडण्याइतकेच माणसे वगळणेही महत्त्वाचे असते, आणि वगळण्यासाठी गावातला एकूण एक माणूस माहीत असावा लागतो. स्वतःच्या घराण्यापुरते पाहणाऱ्याला हे बळ कधीच येत नाही, मग तो कितीही चिकाटीचा असो.

अमेरिकन वंशावळकार एलिझाबेथ शोन मिल्स यांनी या पद्धतीला एक सुटसुटीत सूत्र दिले आहे: एखाद्या माणसाविषयी थेट पुरावा मिळत नसेल, तर त्याचे मित्र, व्यवहारातले सोबती आणि शेजारी यांचा माग काढावा. सूत्र नवे असले तरी त्यामागचे निरीक्षण जुने आहे. माणसे एकटीदुकटी स्थलांतर करत नसत. आधी गेलेल्या शेजाऱ्याच्या भरवशावर पुढचे कुटुंब निघे, आणि नव्या मुलखातही ती दोन घरे जवळजवळच वसत. आपला पूर्वज कोठून आला हे कोणत्याच कागदात नसेल, पण त्याच्या शेजाऱ्याच्या मृत्युपत्रात मूळ गावाचे नाव असेल, तर शोध कोठे घ्यावा हे कळते. अडचण एवढीच की त्या शेजाऱ्याचे मृत्युपत्र आपण कधी उघडलेलेच नसते. ते उघडलेले असते शेजाऱ्याच्या वंशजाने, आणि त्याला आपण परके म्हणून कधी पत्र लिहिलेले नसते.

जर्मन भाषिक प्रदेशांत या विचाराला ग्रंथाचे रूप आले आहे. तेथे एकेका गावाचे कुटुंबग्रंथ तयार करतात: चर्चच्या वह्यांतून गावातली सगळी कुटुंबे जुळवायची, प्रत्येक कुटुंबाला क्रमांक द्यायचा, मुलगा किंवा मुलगी लग्न करून नव्या कुटुंबात गेली की तेथे नव्या क्रमांकाचा हवाला द्यायचा. असा ग्रंथ हाती असला की आपले घराणे शोधणे हे काही मिनिटांचे काम उरते. हे ग्रंथ तयार करणारे बहुतेक जण हौशीच.

हौशी लोकांच्या अशा चिकाटीची किंमत इतिहासाच्या विद्यापीठीय अभ्यासकांनीही ओळखली. फ्रान्समध्ये मिशेल फ्लरी आणि लुई आन्री यांनी १९५६ मध्ये चर्चच्या वह्यांतून कुटुंबे जुळवण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. इंग्लंडमध्ये १९६४ मध्ये केंब्रिजला लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यासगट स्थापन झाला आणि ई. ए. रिग्ली यांनी डेव्हनमधल्या कॉलिटन या एका गावाची कुटुंबे जुळवून विवाहाचे वय आणि अपत्यसंख्या शतकानुशतके कशी बदलत गेली, हे दाखवले. पुढे रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी १५४१ ते १८७१ या काळातला इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला, तो ४०४ गावांच्या नोंदवह्यांवर उभा आहे. त्या वह्यांतले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने महिन्यामहिन्याने मोजून देणारे लोक ठिकठिकाणचे स्थानिक स्वयंसेवक होते. आपण आपल्या समाधानासाठी चाळतो त्याच वह्यांतून एका देशाच्या लोकसंख्येचा सव्वातीनशे वर्षांचा आलेख निघाला. मात्र त्यासाठी आपले-परके न पाहता प्रत्येक नोंद मोजावी लागली.

आता देवाणघेवाण कशाची करायची, हा प्रश्न. सर्वांत जास्त वाटला जातो तो तयार वंशवृक्ष, आणि माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाचा तोच. वंशवृक्ष हा निष्कर्ष असतो. तो कोणत्या पुराव्यावर काढला, कोणता पुरावा बाजूला ठेवला, कोठे खात्री आहे आणि कोठे अंदाज, यांतले काहीही त्या सुबक चौकटींत दिसत नाही. १९८४ मध्ये जेडकॉम नावाचे सामायिक स्वरूप आले आणि एका संगणकातला वृक्ष दुसऱ्या संगणकात जसाच्या तसा नेण्याची सोय झाली. सोयीबरोबर चुकाही त्याच वेगाने जाऊ लागल्या. एखाद्या पूर्वजाविषयी दहा वृक्षांत एकच जन्मसाल दिसले, तर दहा जणांनी ते स्वतंत्रपणे पडताळले असे समजू नये. बहुधा एकाने लिहिले आणि नऊ जणांनी उचलले. संगणकापूर्वीही हे होतच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्ताव आंजू नावाचा गृहस्थ श्रीमंत अमेरिकन घराण्यांना पैसे घेऊन भारदस्त वंशावळी रचून देत असे. खऱ्या नोंदींमध्ये खोट्या नोंदी तो इतक्या बेमालूम मिसळी की त्याच्या बनावट वंशावळींतली नावे आजही प्रामाणिक लोकांच्या वृक्षांत सापडतात.

म्हणून वाटावी ती नोंद, आणि तीही जशी आहे तशी. मूळ लेखनातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नये, नाव आजच्या वळणाने लिहू नये, अक्षर लागत नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे आणि शक्य असेल तर पानाचे छायाचित्र जोडावे. वही कोठे आहे, कितवे पान, आणि आपण अस्सल पाहिले की नक्कल, हेही लिहावे. या शेवटच्या बाबीकडे फार दुर्लक्ष होते. इंग्लंडमध्ये १५३८ मध्ये नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम झाला, पण १५९८ च्या सुमारास जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून घेण्यास सांगितले गेले आणि त्यातही एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या आरंभापासून, म्हणजे १५५८ पासूनच्या नोंदींवर भर देण्यात आला. त्यामुळे अनेक गावांच्या वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासून सुरू होतात आणि त्यांतली पहिली चाळीस वर्षे एकाच हस्ताक्षरात असतात. ज्याला आपण मोठ्या भक्तिभावाने अस्सल म्हणतो तीही नक्कलच. शिवाय दरवर्षी एक प्रत बिशपकडे जात असे, आणि या दोन प्रतींत कधी नाव वेगळे पडते, कधी एखादी नोंद गळते. दोन संशोधकांपैकी एकाने गावची वही पाहिली आणि दुसऱ्याने बिशपची प्रत, तर दोघेही खरे बोलत असूनही त्यांचे जुळत नाही. पण कोणी काय पाहिले हे लिहिलेले असले तर याच विसंगतीतून नवी माहिती निघते.

तारखांचेही तसेच. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. तेव्हा वहीत फेब्रुवारी १७२० असे लिहिले असेल तर आजच्या हिशेबाने ते १७२१ होय. एकाने वहीतले साल जसेच्या तसे घेतले, दुसऱ्याने मुकाट्याने दुरुस्त केले, आणि तिसऱ्याने दोन्ही पाहून एका आईला वर्षभराच्या अंतराने दोन मुले लावून दिली, असे प्रकार घडतात. १८४१ च्या तिथल्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये खालच्या पाचाच्या पटीत उतरवण्याच्या सूचना होत्या. चौतीस वर्षांचा माणूस तेथे तीस वर्षांचा आढळतो. ज्याला हे ठाऊक नाही तो जन्मसाल चार वर्षांनी पुढे ढकलतो आणि मग त्या सालात जन्म सापडत नाही म्हणून पूर्वजाला दुसऱ्या गावी धाडतो. अशा स्थानिक आणि काळानुरूप खाचाखोचा पुस्तकांत विखुरलेल्या असतात, पण त्या दप्तरात मुरलेल्या माणसाच्या त्या तोंडावर असतात. त्याला एक नेमका प्रश्न विचारला की पुष्कळ वेळ वाचतो.

न सापडलेल्या गोष्टीही कळवाव्यात, हे मी आग्रहाने सांगेन. अमुक गावची अमुक सालापासून अमुक सालापर्यंतची विवाहाची वही संपूर्ण वाचली आणि हे लग्न तेथे नाही, ही माहिती हाती लागलेल्या नोंदीइतकीच कामाची आहे. ती कोणी कळवत नाही, कारण तिचे कौतुक होत नाही. मग तीच वही नव्या उमेदीने आणखी कोणीतरी उघडतो.

नोंदी उतरवून सर्वांसाठी खुल्या करण्याचे सर्वांत सबळ कारण मात्र सोयीचे नसून विनाशाचे आहे. ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स इमारतीतील लढाईत आयर्लंडचे अभिलेखागार स्फोटाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. १८२१ ते १८५१ या काळातल्या चारही खानेसुमाऱ्यांची पाने जवळजवळ सगळी जळाली. मृत्युपत्रे आणि चर्चच्या असंख्य वह्याही गेल्या. त्यानंतर संशोधकांना आधार राहिला तो आधीच्या लोकांनी आपापल्या कामासाठी काढलेल्या टिपणांचा. एकोणिसाव्या शतकात सर विल्यम बेथम यांनी १८०० पर्यंतच्या मृत्युपत्रांतून नातेसंबंध टिपून ठेवले होते, ते अस्सल मृत्युपत्रे नाहीशी झाल्यावर स्वतःच साधन बनले. पुढे जगभर पांगलेल्या नकला आणि उतारे गोळा करून ते अभिलेखागार पुन्हा रचण्याचा प्रयत्न झाला आणि त्याचे संगणकीय रूप २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, खुले झाले. अमेरिकेतही १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ संपले. आपल्या कपाटातली वही उद्या एखाद्या नोंदीचा एकमेव साक्षीदार ठरेल की नाही, हे आज ठरवता येत नाही. म्हणून ती एकाच कपाटात असू नये.

इंग्लंड आणि वेल्समधल्या १८३७ पासूनच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदींची सूची उतरवण्याचे काम स्वयंसेवकांनी १९९८ मध्ये हाती घेतले. त्यात एकच पान शक्यतो दोघांनी स्वतंत्रपणे उतरवावे, असा दंडक ठेवला आहे. छोट्या गटांनीही तो पाळावा. दोघांचे वाचन जुळले तर बहुधा बरोबर. न जुळले तर ते अक्षर तिसऱ्याने पाहावे. एकट्याने वाचताना आपल्याला हवे ते नाव दिसू लागते. नाते नसलेल्या माणसाला तो मोह नसतो, हाही परक्या सहकाऱ्याचा एक फायदाच.

आता वागण्याबद्दल थोडे. पहिल्या पत्रात ‘आमच्या घराण्याविषयी जे असेल ते पाठवा’ असे लिहू नये. असे पत्र आले की समोरच्याला काय शोधावे हेच कळत नाही, आणि ते बाजूला पडते. कोणता माणूस, कोणते गाव, कोणता काळ, आपण काय पाहिले आणि नेमके कोठे अडलो, एवढे लिहिले तर उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते. पत्राबरोबर आपल्याकडची एखादी नोंद पाठवली तर आणखी बरे. कोणी शंका काढली तर ती घराण्यावरचा ठपका समजू नये; शंका वृक्षावर घेतलेली असते, आजोबांवर नव्हे. राहिला श्रेयाचा प्रश्न. नोंद कोणाच्या मालकीची नसते, पण ती शोधून, वाचून, लावून देणाऱ्याचे श्रम त्याचे असतात. ज्याच्याकडून मिळाली त्याचे नाव न घालता स्वतःची म्हणून ती पुढे वाटणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळेच कित्येक जाणते संशोधक कपाट बंद करून बसले आहेत, हे मी पाहिले आहे.

हयात माणसांची माहिती मात्र वाटू नये, मग ती कितीही सहज मिळालेली असो. ब्रिटनमध्ये खानेसुमारीचे कागद शंभर वर्षे आणि अमेरिकेत बहात्तर वर्षे बंद ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे. मृतांच्या बाबतीतही दत्तक, अनौरस जन्म, तुरुंगवास अशा नोंदी त्या कुटुंबाला आधी कळवाव्यात आणि मगच खुल्या कराव्यात. डीएनए चाचणीने यात नवी भर घातली आहे. कोणाचा जन्मदाता कोण, हे आता प्रयोगशाळेतून अवचित कळते. चाचणीचा उपयोग मी नाकारत नाही, पण तिचा अर्थ लावायलाही पुन्हा गावच लागते. दहा पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात आणि लहान गावात त्यांतल्या अनेक जागांवर तीच ती माणसे असतात. मोजकी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने करत आली असतील, तर दोन वंशजांचा डीएनए त्यांच्या खऱ्या नात्यापेक्षा जवळचा दिसतो. चुलत शाखा नेमकी कोणती, हे तेव्हा गावातली सगळी कुटुंबे जुळवलेली असतील तरच सांगता येते.

शेवटची गोष्ट संग्रहाच्या पुढच्या व्यवस्थेची. हौशी संशोधक गेला की त्याचे कागद घरच्यांना ओझे वाटतात आणि संगणकावरचे काम तर परवलीच्या शब्दाअभावी कोणी उघडूही शकत नाही. म्हणून त्याच गावावर काम करणाऱ्या किमान एका माणसाकडे संपूर्ण प्रत असावी, दुसरी प्रत त्या गावाच्या जवळच्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात ते स्वीकारत असतील तर द्यावी, आणि घरातल्या कोणाला तरी हे कोणाला कळवायचे ते सांगून ठेवावे. प्रतीबरोबर एक पान अवश्य जोडावे आणि त्यावर कोणती वही कोणत्या सालापर्यंत वाचून झाली, कोणती पाने फाटलेली किंवा अवाचनीय निघाली आणि कोठून पुढे वाचायचे राहिले आहे, एवढे लिहावे.